जुनी स्पोर्ट्स कार: काय जपायचं, काय बदलायचं



आजच्या गप्पांचा विषय थोडा चैनीचा वाटेल: जुन्या स्पोर्ट्स कार. पण ऐकत राहा, कारण यात पैसा आहे, कायदा आहे, मुलांची सुरक्षितता आहे आणि घरातलं भांडणही आहे.

इथं ब्रिटनमध्ये वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या आपल्या लोकांत हा छंद चांगलाच रुजतो आहे. घराचं कर्ज आटोक्यात आलं, मुलं युनिव्हर्सिटीच्या वाटेला लागली, की एखाद्या रविवारी बाबा स्वतःहून गॅरेज आवरायला घेतात. आई खूश होते. आणि पुढच्या महिन्यात त्या आवरलेल्या जागेत पन्नास वर्षांची, दोन सीटची, तेल गळणारी एक गाडी येऊन बसते. कुणाची एमजी, कुणाची ट्रायम्फ, खिसा मोठा असेल तर जॅग्वार ई-टाइप, नाहीतर एखादी जुनी पोर्श.

माझ्याकडे १९७२ची एमजी बी जीटी आहे, त्यामुळे अशी गाडी घेतलेल्यांचे फोन मला येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो. गाडी फॅक्टरीतून निघाली तशीच ठेवायची, की तारतम्यानं थोडी आपल्या सोयीची करून घ्यायची?

यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. दुसरा म्हणतो, अहो, गाडी चालवायची आहे की तिची पूजा करायची आहे? दोघंही तावातावानं बोलतात, आणि नवीन माणूस गोंधळून जातो. मला वाटतं, या वादातून बाहेर पडायला एक साधा निकष पुरतो. तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी किमतीचं बघू. आपल्याकडे आजीच्या पाटल्या मोडायला नेल्या की सराफ काय करतो? वजन करतो, घट काढतो आणि त्या दिवसाच्या भावानं रक्कम सांगतो. पाटल्या कुणी घडवल्या, त्यावरचं काम किती नाजूक आहे, याचे पैसे मिळत नाहीत. घडणावळ गेली ती गेली. जुन्या गाडीचं गणित बरोबर उलटं आहे. ई-टाइपचं वजन सव्वा टनाच्या आसपास. तो पत्रा भंगारात घातला तर हाती काही येणार नाही. सगळी किंमत घडणावळीची आहे. कुठल्या कारखान्यात, कुठल्या वर्षी, कुठल्या इंजिनासह, कुठल्या रंगात ती तयार झाली, आणि ते आज सिद्ध करता येतं का, याचे पैसे माणसं मोजतात.

सिद्ध कसं करायचं? आकड्यांनी. शासीवर एक आकडा असतो, इंजिनावर एक, गिअरबॉक्सवर एक, बॉडीवर एक. जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टकडून जुन्या नोंदींवरून प्रमाणपत्र मिळतं. त्यात हे आकडे, मूळ रंग, आतल्या कातड्याचा रंग आणि गाडी कुठे पाठवली गेली हे लिहिलेलं असतं. एमजीचं असंच प्रमाणपत्र गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून मिळतं. कागदावरचे आणि गाडीवरचे आकडे जुळले, तर तिला मॅचिंग नंबर्स म्हणतात. गाडी बघायला जाल तेव्हा आधी हे प्रमाणपत्र मागा, चकाकणारा रंग नंतर बघा.

आता मूळपणाच्या पक्षाला विचारू, मूळ म्हणजे नेमकं काय? ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली. किंमत दोन हजार पौंडांच्या थोडी वर. त्या काळाच्या मानानं अफाट वेगवान आणि अफाट सुंदर. पण तिच्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हतं. सिग्नलच्या रांगेत हळूहळू सरकताना पहिला गिअर टाकायचा म्हणजे कसरत, आणि चुकलात की असा आवाज यायचा की शेजारच्या गाडीतला माणूस वळून बघेल. ब्रेकबद्दलही तक्रारी होत्या. १९६४ च्या अखेरीस जॅग्वारनं ४.२ लिटरचं इंजिन आणलं आणि त्याबरोबर नवा गिअरबॉक्स, चांगले ब्रेक, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. म्हणजे कंपनीनंच साडेतीन वर्षांत आपली गाडी सुधारली. मग १९६२च्या गाडीच्या मालकानं आज तेच केलं, तर तो गुन्हा का?

हा प्रश्न इंग्लंडच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' नावाची रेसिंग कार आहे. तिनं १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात इतके बदल होत गेले की १९२९चे भाग फारसे उरले नाहीत. साठ वर्षांनी तिचा १ कोटी पौंडांचा सौदा ठरला. मग खरेदीदारानं अंग काढून घेतलं: ही ती गाडीच नाही म्हणाला. १९९० मध्ये निकाल विक्रेत्याच्या बाजूनं लागला. न्यायालयाच्या म्हणण्याचा सारांश असा: भाग एकेक करून, वेळोवेळी बदलत गेले, या सगळ्या काळात गाडी ती गाडीच राहिली, दुसरी कुठलीही गाडी त्या नावावर हक्क सांगू शकत नाही, म्हणून ही अस्सल आहे. सगळे भाग मूळ नसतानाही गाडी अस्सल असू शकते, कारण तिची कहाणी कुठे तुटलेली नाही.

लिलावांतही हेच दिसतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला बायाँ नावाच्या एका फ्रेंच घराण्याच्या जुन्या गाड्या लिलावात आल्या. त्या अनेक दशकं शेडमध्ये पडून होत्या. त्यात फेरारीची एक कॅलिफोर्निया स्पायडर होती, जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडलेली. लिलाववाल्यांनी तिच्यावरची धूळसुद्धा पुसली नाही. ती १.६ कोटी युरोंच्या वर गेली. बघा, हात न लावण्याची किंमत, असं मूळपणाचा पक्ष म्हणाला.

पण तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, कॅलिफोर्नियात मॉन्टेरीला फेरारीची १९६२ची २५० जीटीओ ४.८४ कोटी डॉलरला विकली गेली. लिलावातला तो तेव्हाचा विक्रम होता. आणि या गाडीची बॉडी मूळ नव्हती! १९६४ मध्ये, ती शर्यतीत धावत असताना, फेरारीच्या बॉडी बनवणाऱ्या स्काग्लियेत्तीनं तिला नव्या घाटाची बॉडी चढवली होती. त्या बदलानं तिची किंमत घटली नाही, कारण तो बदल तिच्या आयुष्यातच झाला होता, ज्यांनी गाडी घडवली त्यांच्याच हातून झाला होता, आणि त्याची नोंद होती.

एक गाडी कुणी हात न लावलेली, दुसरी बॉडी बदललेली. दोन्ही गाड्यांच्या बाबतीत खरेदीदाराला पक्कं माहीत होतं की आपल्यासमोर काय उभं आहे आणि ते असं का आहे. मूळपणाची किंमत म्हणजे खरं तर खात्रीची किंमत.

आता माझा निकष सांगतो. तो आमच्या धंद्यातला आहे. चालू सिस्टिमवर कुठलाही बदल टाकायच्या आधी आम्ही एक प्रश्न विचारतो: फसलं तर परत कसं यायचं? रोलबॅक काय आहे? उत्तर नसेल तर बदल होत नाही, मग कल्पना कितीही उत्तम असो. जुन्या गाडीलाही हाच प्रश्न विचारा. हा बदल उद्या परत फिरवता येईल का? येत असेल तर मोकळ्या मनानं करा. येत नसेल तर थांबा. तुमची आवडनिवड दर पाच वर्षांनी बदलेल, गाडी मात्र पुढच्या मालकाकडे जाणार आहे. कदाचित तुमच्या मुलीकडेच.

हा नियम माझा एकट्याचा नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं, म्हणजे फिव्हानं, २०१३ मध्ये ट्युरिनला एक सनद जाहीर केली. इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली होती, तिच्या धर्तीवर. तिचं थोडक्यात सांगणं असं: सुरक्षिततेसाठी किंवा कायद्यासाठी बदल करावाच लागला, तर मूळ रचनेला धक्का लावू नका, बदल परत फिरवता येईल असा करा, आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवा. हा काही कायदा नाही, पण शहाणपण आहे.

या निकषानं सगळ्या बदलांचे तीन ढीग करता येतात.

पहिला ढीग, जे करायलाच हवेत. ब्रिटनमध्ये २००० सालापासून शिशाचं पेट्रोल बंद झालं. एमजी बीच्या इंजिनाचं हेड बिडाचं आहे. शिशाशिवायच्या पेट्रोलवर जोरात आणि लांब चालवलं तर त्यातल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात. त्यावर कडक धातूच्या बैठका बसवणं हा इलाज. बाहेरून कुणाला दिसतही नाही. ई-टाइपचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यात वेगळ्या धातूच्या बैठका आधीपासूनच असतात, त्यामुळे तिथं हा प्रश्न तितकासा नाही. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये साधं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या त्यानं खराब होतात, आणि पेट्रोलची गळती गरम इंजिनाजवळ म्हणजे आगीला आमंत्रण. नळ्या बदला, आणि पंपावर ई-५ असलेलं सुपर भरा. टायर नुसते नक्षी शिल्लक आहे म्हणून ठेवू नका. रबर वयानं कडक होतं.

आणि सीटचे पट्टे. हे घरच्यांनी नीट ऐकावं. १९६५ च्या आधीच्या गाड्यांना ब्रिटनमध्ये पट्टे सक्तीचे नाहीत. पण पट्टे नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला नेताच येत नाही, आणि त्याहून मोठ्या मुलांना फक्त मागच्या सीटवर बसवता येतं. दोन सीटच्या गाडीला मागची सीट कुठली? म्हणजे मूळपणाच्या हट्टापायी पट्टे बसवले नाहीत, तर मुलांना गाडीतून फिरवून आणणं कायद्यानंच बंद. नीट आधार असलेल्या जागी, जाणकाराकडून पट्टे बसवून घ्या. एकही खरा परीक्षक त्यासाठी तुमच्याकडे वाकडा डोळा करून बघणार नाही.

दुसरा ढीग, जे हवं तर करा, कारण परत फिरता येतं. जुने पॉइंट काढून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली मावणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. रेडिएटरला विजेचा पंखा. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. आता तर बाहेरून डायनॅमोसारखे दिसणारे अल्टरनेटरही मिळतात. जुन्या ई-टाइपला पाच गिअरचा बॉक्स. यात एक पोटकलम आहे. नवा गिअरबॉक्स जुन्याच बोल्टांवर बसत असेल तर तो या ढिगात. त्यासाठी मधला बोगदा कापावा लागत असेल तर तो तिसऱ्या ढिगात गेला. मेकॅनिकला कामाआधी हाच प्रश्न विचारा: कुठे कापायला, भोकं पाडायला किंवा वेल्डिंग करायला लागणार आहे का?

याच ढिगात त्या काळात कंपनी स्वतः देत असलेल्या गोष्टीही येतात. एमजी बीला ओव्हरड्राइव्ह आणि तारांची चाकं तेव्हाही जादा पैसे भरून मिळत. आज कुणी ती बसवली, तर तो तेव्हाच्या गिऱ्हाइकानंच केला असता असा बदल आहे. गाडी मोटरवेवर शांत चालते आणि तिच्या काळाशी इमानही राखते.

तिसरा ढीग, जिथं थांबायचं. पत्रा कापणं. चाकं रुंद बसावीत म्हणून मडगार्ड कापून फुगवणं. छत असलेली गाडी कापून उघडी करणं. ई-टाइपच्या बाबतीत हे पुष्कळ झालं, कारण उघड्या गाडीला भाव जास्त. इंजिनाचा जुना आकडा घासून नवा ठोकणं. ही तर सरळ फसवणूक. आणि ज्याचा विचार कमी लोक करतात तो बदल म्हणजे जुना, मूळ रंग खरवडून नवा देणं. कारखान्यात लागलेला रंग फिकट झाला असेल, दारांच्या कडांना उडाला असेल, तरी तो पुन्हा मिळत नाही. तुम्ही तेरा थर देऊन आरशासारखी गाडी केलीत, तरी ती नवी रंगवलेली गाडी आहे. गंज पसरत असेल तर त्याचा इलाज करायलाच हवा, तो तेवढ्या जागेवर करा. फक्त चारचौघांत लाज वाटते म्हणून रंग बदलायचा असेल, तर वर्षभर थांबा. बहुतेक वेळा त्या फिकट रंगावरच आपला जीव जडतो.

आता दुसऱ्या पक्षाची बाजूही न्यायानं मांडायला हवी. सगळ्या गाड्या सारख्या दुर्मीळ नाहीत. २५० जीटीओ फक्त ३६ बनल्या. ई-टाइप ७२ हजारांवर. एमजी बी १९६२ ते १९८० मध्ये पाच लाखांहून अधिक. जीटीओचा मालक हा एका अर्थानं विश्वस्त असतो. त्याला आवडीनं कापाकापी करण्याचा नैतिक हक्क जवळजवळ नाही. एमजी बीच्या मालकाला बराच मोकळेपणा आहे. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांसाठी १९७४ नंतरच्या एमजी बीला काळे, जाड रबरी बंपर आले आणि गाडी जमिनीपासून उंच झाली. खूप मालक ते काढून आधीचे क्रोमचे बंपर लावतात, गाडी पुन्हा खाली आणतात. पाच लाखांत असे काही हजार झाले, तर इतिहास बुडत नाही. पण न बदललेले रबरी बंपरही आता कमी होत चाललेत, हे लक्षात ठेवा. काल ज्याला सगळे नावं ठेवत होते, तेच उद्या दुर्मीळ होतं.

अमेरिकेतल्या श्रोत्यांना कॅलिफोर्नियाची सिंगर ही कंपनी माहीत असेल. १९८९ ते १९९४ मधल्या पोर्श ९११ घेऊन ती जवळजवळ प्रत्येक भाग नव्यानं करते. इथं ससेक्समध्ये ईगल ही कंपनी ई-टाइपवर १९८४ पासून असंच बारीक काम करते. या गाड्या मूळ गाडीच्या कितीतरी पट किमतीला जातात. म्हणजे बदललेली गाडी स्वस्तच होते असं नाही. पण तिथं लोक त्या कारागिरांच्या नावाचे आणि कामाच्या नोंदींचे पैसे देतात. आपल्या कोपऱ्यावरच्या गॅरेजनं मडगार्ड फुगवलं, तर तो भाव मिळत नाही. आणि अशा कामासाठी कच्चा माल म्हणून आधीच इंजिन हरवलेली, गंजलेली, अर्धवट गाडी घेतली तर ते पुण्यकर्म आहे. जुळत्या आकड्यांची, धडधाकट गाडी त्यासाठी कापणं मला पटत नाही.

पैशांचं आणखी थोडं. समजा, ४० हजार पौंडांची गाडी घेतलीत आणि ५० हजार घालून ती पूर्ण नवी केलीत. बाजार तुम्हाला ९० हजार देईलच असं अजिबात नाही. तो तशा गाडीचा चालू भाव देईल. त्यामुळे आधीच कुणीतरी चांगलं काम करून ठेवलेली गाडी घेणं बहुधा स्वस्त पडतं. न बदललेल्या गाडीला विकताना दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं मिळतात, तशीच हवी असणारी आणि बदलून घेणारी. कापलेल्या गाडीला एकाच प्रकारचं गिऱ्हाईक उरतं, ते म्हणजे तुमच्यासारखीच आवड असणारा माणूस. ब्रिटनमध्ये खासगी मोटारीच्या नफ्यावर सहसा भांडवली नफ्याचा कर नाही, हे खरं. पण तोटाही दाखवता येत नाही. तेव्हा बायकोला गुंतवणूक म्हणून सांगू नका. छंद म्हणून सांगा, ती समजून घेते.

विमा ठरलेल्या रकमेचा घ्या, ज्याला इथं ॲग्रीड व्हॅल्यू म्हणतात, आणि केलेले सगळे बदल कंपनीला लेखी कळवा. लपवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो.

कायद्याचंही भान ठेवा. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला रस्ताकर माफ होऊ शकतो. वर्षाची एमओटी तपासणीही लागत नाही, पण अट अशी की गेल्या ३० वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसावा. शासी, बॉडी, इंजिनाची जात बदलली तर ही सवलत धोक्यात येते. भारतात तुमच्या पुण्या-कोल्हापूरच्या घरी काकांची जुनी गाडी झाकून ठेवलेली असेल, तर तिथलाही २०२१चा नियम असाच आहे. ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपात ठेवलेली, शासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला व्हीए अक्षरांचा खास नंबर मिळतो. दोन्ही देशांत सरकार मालकाला एकच गोष्ट विचारतं: गाडी अजून तीच आहे ना?

हल्ली मुलं विचारतात, बाबा, हिला इलेक्ट्रिक का नाही करत? जॅग्वारनं २०१७ मध्ये स्वतः एक इलेक्ट्रिक ई-टाइप दाखवली. पुढच्या वर्षी राजपुत्र हॅरीच्या लग्नात ती जगानं पाहिली. तिची बॅटरी जुन्या इंजिनाच्याच मापाची आणि वजनाची केली होती, म्हणजे हवं तर जुनं इंजिन परत बसवता यावं. पुन्हा तोच रोलबॅक! फिव्हानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं की अशी बदललेली गाडी ऐतिहासिक वाहन म्हणून धरता येणार नाही, आणि तरीही कुणी केलीच तर काढलेले सगळे भाग सांभाळून ठेवावेत. मला हा सल्ला रास्त वाटतो. मुलांना शत्रू समजू नका. उद्या पेट्रोल मिळेनासं झालं, तर त्या गाड्या रस्त्यावर ठेवणारी तीच आहेत.

शेवटी घरातल्या भांडणाकडे येतो. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी नवऱ्याला विचारलं होतं, "ही गाडी आपण चालवायला घेतली की राखायला?" नवरा गप्प. प्रश्न बिनतोड आहे. न चालवलेली गाडी जपली जात नाही. तिचे सील सुकतात, ब्रेक अडकतात, टाकीत पेट्रोल खराब होतं. महिन्यातून दोनदा तीस-चाळीस मैल फिरवणं हीसुद्धा जतनाचीच रीत आहे. आणि वहिनींना, मुलांना घेऊन बिनघोर जाता येईल एवढे बदल करणं हा मूळपणाचा अपमान नाही. त्यांना बसावंसंच वाटलं नाही, तर तुमच्यानंतर ती गाडी कोण ठेवणार?

तेव्हा मंडळी, गाडी असेल तर येत्या रविवारी एवढं करा. एक फाइल काढा: प्रमाणपत्र, बिलं, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, कोणता भाग कधी आणि का बदलला याची एक ओळ. आणि एक मोठं खोकं घ्या. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी बांधून त्यात ठेवा. अगदी मोडका डायनॅमोसुद्धा. मेकॅनिक म्हणेल, फेकून देऊ का? त्याला नाही म्हणा.

गाडी अजून घेतली नसेल, तर तिच्यासोबत असं खोकं आणि अशी फाइल मिळते का ते बघा. मिळत असेल, तर थोडा फिका रंग आणि थोडा जास्त भाव दोन्ही पत्करा.

तुमच्याकडे कुठली गाडी आहे आणि तुम्ही काय बदललंत, काय नाही, हे कार्यक्रमाकडे जरूर लिहून पाठवा. घरच्यांचं मत वेगळं असेल तर तेही पाठवा, तेच वाचायला मजा येते.

सांभाळून चालवा. नमस्कार.